पूर रस्त्याचा प्रस्ताव ‘समर्थन अपुरे’ म्हणून परत आलाय, कसा मांडायचा?

नदीकाठची सदस्य, करवीर तालुका

नमस्कार मंडळी. पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. नदीला पाणी वाढलं की मुख्य रस्त्याला जोडणारा आमचा रस्ता ओढ्यापाशी बुडतो आणि कोल्हापूरला यायला लांबचा वळसा पडतो. दूध, कॉलेजची पोरं, एमआयडीसीतल्या ड्युट्या, डायलिसिसचे पेशंट, सगळंच अडकतं.

रस्ता उंच करून मोठा पूल बांधावा असा प्रस्ताव आम्ही दिला. ग्रामसभेचा ठराव, फोटो, २०१९ आणि २०२१ च्या पुराची कात्रणं, सगळं जोडलं होतं. तो शेरा मारून परत आला: ‘गुंतवणुकीचे समर्थन अपुरे. पर्यायांचा विचार व लाभ-व्यय दर्शवावा.’ गावात सगळे म्हणतात हे राजकारण आहे. मला तसं वाटत नाही. त्रास तर खरा आहे, पण तो सरकारी पैशाच्या हिशेबात कसा बसवायचा तेच कळत नाही. बिझनेस केस म्हणतात ती, म्हणजे हा खर्च का परवडतो याची मांडणी, कुणी केली आहे का? तयार नमुना नको, विचार कुठून सुरू करायचा तेवढं सांगा.

शाहूपुरीकर

ताई, आमदारसाहेबांचं पत्र घ्या आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी पोचवा. निधी कुठल्या हेडखाली (लेखाशीर्षाखाली) मागायचा तेही विचारून घ्या. आमच्या गल्लीतल्या गटारीचं काम असंच मार्गी लागलं.

निवृत्त उपअभियंता, कसबा बावडा

पत्र जरूर घ्या, पण शेऱ्याचं उत्तर पत्रात नसतं. मला तर शेरा वाचून बरं वाटलं. कुणीतरी तुमचा कागद नीट वाचलाय.

तुमचा प्रस्ताव पुलापासून सुरू होतो. तो पाण्यापासून सुरू करा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमचा रस्ता बुडतो? हा आकडा तुमच्या कागदात कुठंच दिसत नाही. दुधाच्या टेम्पोवाल्याला, केएमटी बसच्या ड्रायव्हरला, पोलीस पाटलाला तो तोंडपाठ असतो. त्यांना विचारा. मोरीच्या भिंतीवर रंगानं फुटाच्या खुणा करून या पावसाळ्यात पडताळा, कारण बंधाऱ्यावरचं पाणी आणि तुमच्या ओढ्यातली फूग (नदी चढल्यावर ओढ्यात मागं तुंबणारं पाणी) एकाच वेळी चढत नाही. मग मागच्या दहा-पंधरा पावसाळ्यांच्या रोजच्या पातळ्या मागवा आणि त्या आकड्याच्या वर पाणी किती दिवस होतं ते वर्षवार लिहा. निम्मा प्रस्ताव या एका कागदावर उभा राहील.

आता एक गोष्ट गावाला पटणार नाही, तरी सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या जोरावर रस्ता मागू नका. त्या पुरांत पाणी ५५-५६ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला शिरोलीपाशी महामार्गच बंद पडला, मुंबई-बेंगळुरूचे ट्रक रांगा लावून उभे होते. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळ्याकडचा रस्ताही गेलाच. अशा दिवसांत तुमचा रस्ता कितीही उंच असला तरी पुढं जाऊन मिळणार कुठं? महापुरासाठी स्थलांतर, बोटी, निवारा, औषधं यांचा स्वतंत्र प्रस्ताव करा, तो तितकाच महत्त्वाचा आहे. रस्त्याचा खरा फायदा पाणी चाळिशीत असताना होतो. तेव्हा शहर चालू असतं, दवाखाने चालू असतात आणि फक्त तुमचं गाव तुटलेलं असतं. हे दिवस पेपरात येत नाहीत, पण वरचेवर येतात. म्हणून हिशेबात तेच जड भरतात.

आकडे समजुतीसाठी घेतो, तुमचे खरे आकडे मोजूनच घाला. समजा रस्ता वर्षाला सरासरी ६ दिवस बंद असतो, रोजची वाहनं १,५००, वळशाचे जादा १६ किलोमीटर, आणि दुचाकी-टेम्पो मिळून किलोमीटरला १० रुपये. दिवसाचं नुकसान २ लाख ४० हजार, वर्षाचं १४ लाख ४० हजार. पुढच्या ३० वर्षांतले हे पैसे १० टक्के दरानं आजच्या किमतीत आणले (उशिरा मिळणारा रुपया दरवर्षी तेवढा कमी मोलाचा धरून) तर साधारण १ कोटी ३६ लाख होतात. मोठा पूल ८ कोटींचा असेल तर रुपयाला सतरा पैसे परत. शेरा उगाच आला नाही.

पण सगळा रस्ता एकदम बुडतो का? बहुतेक ठिकाणी ओढ्यापाशी शे-दोनशे मीटरचा एकच खोलगट तुकडा आधी जातो. लेव्हल घेऊन, म्हणजे रस्त्याची उंची जागोजागी मोजून बघा. समजा तेवढाच उचलून, रुंद मोऱ्या टाकून ६ पैकी ४ दिवस वाचतात आणि देखभाल धरून खर्च ६० लाख येतो. मग लाभ ९० लाखांच्या आसपास, म्हणजे खर्चाच्या दीडपट. पाटबंधारे प्रकल्पांना लाभ भागिले खर्च किमान १.५ हे गुणोत्तर लावतात, अवर्षणप्रवण भागात १ वरही भागतं. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ३० ही पुस्तिका आहे, वाहनखर्चाचे दर काढायची रीत तिच्यात मिळेल.

पर्याय मनापासून मांडा. काहीच न करणं हाही एक पर्याय आहे आणि तो फुकट नाही, त्याचे वर्षाला १४ लाख जातात. मग खोलगट तुकडा, मग पूर्ण भराव, मग खांबांवरचा पूल. आपल्याला हवा तो सोडून बाकीचे मुद्दाम लंगडे केले, तर तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावर कळतं.

नदीकाठची सदस्य, करवीर तालुका

काका, खूप आभार. खोलगट तुकड्याचं अगदी बरोबर आहे, आधी तेवढंच बुडतं. पण डायलिसिसवाल्या माणसाला १० रुपये किलोमीटरमध्ये बसवायला मन घेत नाही. शिवाय दुधाचं नुकसान, दुकानदारांचं नुकसान, बुडालेली मजुरी, हे सगळं धरलं तर मोठा पूलही बसेल ना?

अर्थशास्त्र शिकवते, राजारामपुरी

डायलिसिसच्या माणसाला रुपयांत बसवूच नका. किती पेशंट, आठवड्यातून किती वेळा जातात, रस्ता बंद असताना किती खेपा चुकल्या, हे मोजून पैशाच्या तक्त्याशेजारी वेगळं लिहा. निर्णय घेणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. रुपयांत ओढूनताणून आणलं की ते बेरजेत हरवतं आणि वर वाद होतो तो वेगळाच.

दूध सांडलं किंवा नासलं तर ते नुकसान. टेम्पो वळसा घालून संघात पोचला असेल तर नुकसान वळशाचंच, आणि ते वर धरून झालंय. पुन्हा धरलं तर दुप्पट मोजणी होते. तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक त्या दिवशी दुसऱ्या गावात गेलं असेल, तर तुमचं गेलं पण त्यांना मिळालं, सरकारच्या नजरेत ते वजा होत नाही. मजुरी खरंच बुडाली असेल तर मात्र धरा. वळसा घालून जाणारे आणि घरी बसणारे, अशा दोन याद्या वेगळ्या ठेवा, कारण घरी बसलेल्याचा वळशाचा खर्च झालेलाच नसतो.

काकांनी धरलेल्या १० टक्के दराचं म्हणाल तर ब्रिटनचं अर्थखातं सरकारी प्रस्ताव तपासायच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात, ग्रीन बुकात, ३.५ टक्के धरतं. तो धरला तरी काकांच्या उदाहरणातला पूर्ण लाभ २ कोटी ६५ लाखांच्या आसपासच जातो, ८ कोटींना पुरत नाही. त्याच पुस्तकातले पाच प्रश्न मला फार उपयोगाचे वाटतात: गरज काय, समाजाला फायदा खर्चापेक्षा जास्त आहे का, काम कोणाकडून आणि कसं करून घेणार, पैसा कुठून येणार आणि परवडणार का, आणि पूर्ण होईपर्यंत सांभाळणार कोण. आपल्याकडच्या प्रस्तावांत शेवटचा बहुधा कोराच असतो. मोऱ्यांतला गाळ दर उन्हाळ्यात कोण काढणार, कुठल्या पैशातून, हे तुम्ही ठरावासकट लिहा. आणि खर्च कमी, फायदा जास्त, काम वेळेत, असं धरायचा माणसाचा कल असतो. म्हणून खर्च २० टक्क्यांनी वाढवून, वाचणारे दिवस ४ ऐवजी ३ धरून पुन्हा गणित करा. या उदाहरणात ते १ च्या खाली येतं. म्हणजे लेव्हल आणि दिवस काटेकोर मोजणं हेच तुमचं पहिलं काम.

वरल्या अंगाचा शेतकरी

आमची शेती त्याच ओढ्याच्या वरल्या बाजूला आहे. रस्ता उंच करायला विरोध नाही, पण भराव टाकला की पाणी आमच्या उसात तुंबणार. महामार्गाच्या भरावाबद्दल सगळा जिल्हा हेच बोलतोय. ऊस जास्त दिवस पाण्यात राहिला तर कुजतो. ते नुकसान तुमच्या कागदात कुठं आहे?

निवृत्त उपअभियंता, कसबा बावडा

दादा, ते खर्चाच्या बाजूला आलंच पाहिजे. भरावात पाण्याला वाट किती ठेवायची हे ओढ्याचा विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतं ते) काढून ठरवावं लागेल. त्यानं खर्च ६० लाखांच्या वर गेला तर गेला, तोच खरा खर्च. तुमच्या बांधावर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा असतील तर जपा, त्या लागतील.

नदीकाठची सदस्य, करवीर तालुका

दादा, रविवारी सकाळी मी आमच्या ग्रामसेवकांना घेऊन तुमच्याकडं येते. तुमच्या बांधावरच्या खुणा आणि किती एकर ऊस पाण्यात राहतो ते लिहून घेऊ. काका, जमलं तर तुम्हीही या, लेव्हल कुठून घ्यायची ते दाखवायला.