अमेरिकेत वयस्कर कृष्णवर्णीय बाईंना 'आंटी' म्हणणे गैर आहे का?

अटलांटाकर: नोकरीनिमित्त पुण्याहून येथे येऊन मला आठ महिने झाले. आमच्या इमारतीत सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई राहतात. शेजारच्या काकूंना हाक मारावी तितक्याच सहजपणे मी त्यांना 'आंटी' म्हणालो, तेव्हा आपण माझ्या मावशी किंवा आत्या नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि 'मिसेस' लावून आपले आडनाव उच्चारले. वयाचा मान राखण्यासाठी वापरलेला शब्द त्यांना का खटकला असावा?

जुना प्रवासी: तुमच्या मनात काकू होत्या, त्यांच्या कानांवर मात्र निराळाच शब्द पडला. गुलामगिरीच्या काळात आणि नंतर वर्णभेदी कायद्यांच्या काळातही दक्षिणेकडील गोरे लोक कृष्णवर्णीयांना 'मिस्टर' किंवा 'मिसेस' म्हणणे कटाक्षाने टाळत. पुरुष कितीही मोठा झाला तरी 'बॉय'; केस पिकले की तो 'अंकल' आणि बाई 'आंटी'. मानाचे संबोधन द्यावे लागू नये म्हणून काढलेली ती पळवाट होती. पॅनकेकच्या पिठाचे 'आंट जेमायमा' हे नाव २०२१ साली बदलले गेले, त्यामागेही हाच इतिहास आहे.

वकीलबाई: हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेनच्या न्यायालयात सरकारी वकिलाने मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला नुसते 'मेरी' असे संबोधले. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याखेरीज उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगताच न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तुमच्या शेजारीणबाई तेव्हा शाळकरी वयाच्या असतील. त्या दक्षिणेत वाढल्या असल्यास आपल्या आईला कोण कशी हाक मारतो, हे त्यांनी स्वतः ऐकले असण्याचा संभव आहे.

शंकेखोर: तरीही कृष्णवर्णीय कुटुंबांत 'आंटी' हा शब्द प्रेमाने वापरला जातोच, त्यामुळे दोष शब्दाचा नसून तो कोणाच्या तोंडून येतो याचा आहे. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराने गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याला एकेरीत हाक मारणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही.

अटलांटाकर: आभारी आहे. आज लिफ्टमध्ये 'मिसेस' आणि आडनाव असे नीट संबोधून नमस्कार केला. त्यांनी माझे आडनाव विचारले आणि उच्चार बरोबर यावा म्हणून माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले.