‘मनापासून’ आणि ‘पूर्ण मनाने’ यांत फरक आहे का?

विचारणा (सांगली)

मी सांगलीत संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांचा वर्ग घेते. बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानातली (मार्क १२:३०) आज्ञा पाठ करून घेताना एका मुलीने ‘पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने व पूर्ण शक्तीने’ या शब्दांऐवजी ‘देवावर मनापासून प्रीती कर’ असे म्हटले. अर्थ तोच आहे असे समजून मी ते चालवून घेतले. पण घरी आल्यावर ते मनातून जाईना. हे दोन्ही शब्दप्रयोग एकाच अर्थाचे आहेत का, आणि चार वेळा ‘पूर्ण’ म्हणण्याचे प्रयोजन काय, याचा गुरुजींनी खुलासा करावा.

उत्तर (सातारा)

ताई, त्या मुलीने अर्धा अर्थ अचूक पकडला आहे. मार्काच्या ग्रीक वाक्यात ‘मधून’ किंवा ‘पासून’ या अर्थाचे अव्यय आहे, म्हणून ‘मनापासून’ यातील ‘पासून’ मुळाला धरूनच आहे. सुटले ते ‘होलोस’ हे विशेषण, ज्याचा अर्थ सबंध, आणि ते चारही वेळा आलेले आहे. ‘मनापासून’ हा शब्द भावना कोठून निघाली एवढे सांगतो, म्हणजे ती वरवरची नाही याची ग्वाही देतो. मनाचा किती भाग मागे राहिला याविषयी तो काही बोलत नाही. पाहुण्याचे स्वागत आपण मनापासून करतो आणि तो गेल्यावर आपल्या कामाला लागतो, त्यात खोटेपणा काहीच नसतो. आज्ञेला मात्र याहून अधिक हवे आहे.

हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, यासाठी ‘शालेम’ (पुरे, सबंध) हे विशेषण वापरलेले आहे. तुम्ही हळदीच्या पेठेच्या गावात राहता, म्हणून त्याचा दुसरा उपयोग तुम्हाला चटकन उमगेल. ‘अनुवाद’ या पुस्तकात (२५:१५) व्यापाऱ्याने पिशवीत कोणते वजन बाळगावे हे सांगताना हाच शब्द आला आहे, आणि नीतिसूत्रे ११:१ मध्ये ज्या वजनाने परमेश्वर संतुष्ट होतो तेही ‘शालेम’च आहे. १ राजे ८:६१ मध्ये लोकांचे मन देवाशी कसे असावे हे सांगतानाही तोच शब्द येतो. म्हणजे पुरे भरलेले वजन आणि पुरे दिलेले मन यांना एकच विशेषण आहे, आणि मला हे फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे भक्ती तराजूपर्यंत येऊन पोहोचते. तीनच अध्यायांनंतर शलमोन राजाविषयी जी तक्रार आहे (१ राजे ११:४), ती त्याचे मन ‘शालेम’ राहिले नाही, ही आहे. मंदिर बांधणारा तोच होता. परंतु म्हातारपणी त्याने इतर देवांनाही मनात जागा दिली.

‘अंतःकरण’ हा शब्द भाषांतरकारांनी विचारपूर्वक निवडला असावा असे मला वाटते. वेदान्ताच्या परिभाषेत त्यात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चारही येतात, आणि हिब्रू ‘लेव’ (हृदय) हेसुद्धा केवळ भावनेचे स्थान नसून विचाराचे आणि निश्चयाचेही स्थान आहे.

प्रतिसाद (मिरज)

गुरुजी, वजनाचा दाखला पटला, पण मनात एक अडचण उभी राहिली. मी मिरजेत परिचारिका आहे. रविवारीही ड्यूटी असते, त्यामुळे महिन्यातून दोनदाच भक्तीला जाणे जमते, आणि रात्रपाळीनंतर प्रार्थनेला बसले तर डोळे मिटतात. ‘पूर्ण शक्तीने’ हे शब्द ऐकले की आपले वजन नेहमी कमीच भरणार असे वाटते. आपण दान देताना ‘यथाशक्ती’ म्हणतो, तसे इथे म्हणता येणार नाही का?

उत्तर (सातारा)

बाई, ‘यथाशक्ती’ हा शब्द वाईट नाही, पण व्यवहारात त्याचा अर्थ ‘सोयीने जेवढे देता येईल तेवढे’ असा झाला आहे, म्हणून तो येथे बसत नाही. ही आज्ञा मुळात जेथे आहे त्या अनुवाद ६:५ मध्ये ज्याचे आपण ‘शक्ती’ असे भाषांतर करतो, तो ‘मेओद’ शब्द एरवी ‘अतिशय’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे, आणि जुन्या अरामी भाषांतराने त्याचा अर्थ मालमत्ता असा घेतला. म्हणजे माणसाजवळ जे काही आहे ते, मग ते थोडे का असेना. मार्काच्या याच बाराव्या अध्यायाच्या शेवटी दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणारी विधवा आहे, आणि तिने आपली ‘सगळी’ उपजीविका टाकली असे म्हणताना तिसाव्या वचनातला ‘होलोस’च पुन्हा आला आहे. रक्कम सर्वांत लहान असूनही ‘सबंध’ हे विशेषण तिच्याच दानाला मिळाले. तेव्हा कमी आणि अपुरे हे दोन शब्द वेगळे ठेवा.

आपल्या बोलण्यात ‘भक्ती’ म्हणजे रविवारची उपासना असा अर्थ रूढ झाला आहे. ‘भक्ती सुटली’ असेही आपण म्हणतो. साताऱ्यात १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन करणाऱ्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना हा शब्द एवढा आखूड झालेला रुचला नसता, असे मला वाटते. तुमच्या कामासाठी शास्त्राने दुसरा शब्द दिलेला आहे. कलस्सै ३:२३ मध्ये ‘जे काही तुम्ही करता’ ते प्रभूसाठी म्हणून ‘जिवेभावे’ करण्यास सांगितले आहे, आणि हे सांगणे आहे ते दासांना, ज्यांचा वेळ त्यांच्या स्वतःच्या हातात नव्हता. ग्रीकमध्ये तेथे अक्षरशः ‘जिवातून’ असे आहे, म्हणजे मोठ्या आज्ञेतला ‘जीव’ आणि त्याच्या आधीचे अव्यय हे दोन्ही तेच आहेत. रात्रपाळीत रुग्णाचे अंथरूण बदलणे ‘करता’ या क्रियापदाच्या बाहेर राहत नाही.

विचारणा (सांगली)

आता येत्या रविवारी त्या मुलीला ‘मनापासून’ खोडायला न सांगता त्याच्यापुढे ‘सबंध’ जोडायला सांगेन. ‘जिवेभावे’ फळ्यावर लिहायचा विचार आहे. त्यातला पहिला ‘जि’ ऱ्हस्व की दीर्घ?

उत्तर (सातारा)

ऱ्हस्व. ‘जीव’ दीर्घ, पण सामान्यरूपात ‘जिवाने’, ‘जिवाला’ असे होते, आणि ‘जिवे’ व ‘भावे’ ही दोन्ही तृतीयेची जुनी रूपे आहेत. जुन्या पोथ्यांत ‘जीवें भावें’ असे दिसेल, ते त्या काळच्या लेखनाप्रमाणे आहे. फळ्यावर एकच जोडशब्द लिहा.