बचत मोजायची कशाच्या तुलनेत?

एकत्रित खरेदीबद्दल दावा असा की चार नगरपरिषदांनी मिळून एकच निविदा काढली आणि एमआरपीपेक्षा ४० टक्के वाचले. एमआरपी धरून बचत मोजायची असेल तर आमच्या नागपूरच्या गांधीबागेतल्या दवाबाजारातला कुठलाही ठोक व्यापारी रोज विक्रम करतो! तुलना हवी ती त्याच वस्तूसाठी त्याच कार्यालयाने आधी प्रत्यक्ष दिलेल्या दराशी, तोही मधल्या काळातली बाजाराची चढउतार वजा करून.

एलईडी बल्बचंच बघा. ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभरची मागणी एकत्र करून निविदा काढल्या, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांचा खरेदीदर २०१६ मध्ये ३८ वर आला. कौतुक आहेच. पण तेव्हा जगभर एलईडी स्वस्त होत होते, त्यामुळे २७२ च्या २७२ रुपये एकत्रित खरेदीच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

मी लेखा विभागात नोकरी केली (कार्यालयाचं नाव राहू द्या). एकदा एकत्रित खरेदीत टोनर दहा टक्के स्वस्त मिळाले, पण माल यायला तीन महिने लागले. तोवर कोटेशनवर (निविदेऐवजी दरपत्रकं मागवून) स्थानिक दुकानातून महागात घेतले. कागदावर बचत दहा टक्केच राहिली, कारण स्थानिक खरेदी दुसऱ्या लेखाशीर्षात (खर्चाच्या वेगळ्या खात्यात) गेली होती. वाहतूक, साठवण, मुदत संपलेला माल यांचंही तेच होतं.

आणि चार निविदांऐवजी एक काढल्याने वाचलेला वेळ? तो जरूर मोजा, पण वेगळ्या रकान्यात. बाबूचा पगार तेवढाच राहतो ना भाऊ, तिजोरीत काही परत येत नाही.