सोळा वर्षांची धावपटू मुलगी: बर्फाचे पाणी, तेलमालिश की आणखी काही?

प्रश्न : एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

नमस्कार. माझी मुलगी १६ वर्षांची असून ती ८०० आणि १५०० मीटर धावते. आठवड्यातून सहा दिवस पहाटे साडेपाचला तिचा सराव सुरू होतो. त्यांपैकी मंगळवारी आणि शुक्रवारी वेगाच्या फेऱ्या असतात, तर शनिवारी वजनांचा व्यायाम. गेल्या महिन्यातील एका स्पर्धेत सकाळी साडेनऊला १५०० मीटर आणि दुपारी चारला ८०० मीटर अशा दोन्ही शर्यती एकाच दिवशी आल्या. पहिली शर्यत ती उत्तम धावली. दुसरीत मात्र शेवटच्या दीडशे मीटरमध्ये तिचे पाय उचलेनात. दुसऱ्या दिवशी फारसा त्रास नव्हता, पण तिसऱ्या दिवशी ती कठडा धरून जिना उतरत होती.

तेव्हापासून घरी सल्ल्यांना तोटा नाही. तिच्या गटातील एका मुलीच्या पालकांनी बर्फाच्या पाण्यात बसण्यासाठी फुगवता येणारा टब आणला असून बर्फाची लादीही ते नियमित मागवतात. माझ्या आईचे म्हणणे असे की, कोमट तिळाच्या तेलाने मालिश आणि नंतर ऊन पाण्याची अंघोळ यापुढे बाकी सारे थोतांड आहे. भाच्याने मसाज गन (हातात धरून मालिश करण्याचे थरथरणारे यंत्र) आणि पोटऱ्यांना घट्ट बसणारे मोजे सुचवले, तर प्रशिक्षकांच्या मते भरपूर स्ट्रेचिंग केल्यास लॅक्टिक ॲसिड निघून जाते आणि मग दुखण्याचा प्रश्नच उरत नाही. मी बँकेत नोकरी करतो आणि खेळातले मला काही कळत नाही. यांपैकी खरोखर उपयोगी काय, आणि या वयात अपायकारक काय, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ : क्रीडा फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

प्रथम लॅक्टिक ॲसिडचा विषय संपवतो, कारण बाकीचे बरेच गैरसमज त्याच्याच आधाराने उभे आहेत. जोरदार शर्यतीनंतर रक्तात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचेच रूप, साधारण तासाभरात मूळ पातळीच्या जवळ येते, आणि शर्यत संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे हलके जॉगिंग केले तर त्याहूनही लवकर. तेव्हा तिसऱ्या दिवशी जिन्यावर जाणवलेल्या ठणक्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. तो ठणका स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि त्यानंतरचा दाह यांमुळे येतो. स्नायू लांबत असतानाच त्याला भार पेलावा लागला की अशी इजा अधिक होते, आणि दुखणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. जिना चढताना नव्हे, तर उतरताना कळ येते तीही याच कारणाने.

स्ट्रेचिंगबद्दल २०११ सालच्या कॉक्रेन समीक्षेचा, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याचा, निष्कर्ष स्पष्ट आहे: व्यायामाच्या आधी किंवा नंतर केलेल्या स्ट्रेचिंगने हे दुखणे लक्षात येण्याइतके कमी होत नाही. अवयवांची लवचीकता राखण्यासाठी ते जरूर करावे. दुखण्यावरचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नये.

बर्फाच्या पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल. १० ते १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे बसल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे काहीसे कमी जाणवते, हे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले आहे. परंतु दाह हा केवळ त्रास नसतो. सरावाने शरीरात जी सुधारणा व्हायची, तिचा तो एक टप्पाही असतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांच्या दोन गटांकडून १२ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला गेला. प्रत्येक व्यायामानंतर एक गट १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे बसे, दुसरा हलकी सायकल चालवी. स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही सायकलवाल्या गटात अधिक आढळली. धावण्याच्या सहनशक्तीवर असा विपरीत परिणाम ठळकपणे दिसत नाही. तरीही शनिवारच्या वजनांनंतर टबात बसणे म्हणजे कमावलेले आपल्याच हाताने घालवणे होय. एकामागून एक दिवस शर्यती असतील आणि सुधारणेपेक्षा उद्या उभे राहणे महत्त्वाचे असेल, तेव्हा संध्याकाळी थंड पाणी वापरण्यास माझी हरकत नाही. दोन शर्यतींच्या मधल्या काही तासांत मात्र पाय बर्फात घालू नयेत, कारण गार पडलेल्या स्नायूचा जोर काही काळ कमीच राहतो. त्यावेळी सावली आणि मानेवर ओला पंचा पुरेसा आहे.

मसाज गन आणि मोजे यांनी बरे वाटते, अपाय सहसा होत नाही, आणि फायदा बेताचाच असतो. खरेदी करण्यापूर्वी मला दोन गोष्टी सांगाव्यात: मुलगी रात्री किती वाजता झोपते, आणि त्या दिवशी दोन शर्यतींच्या मध्ये तिने काय खाल्ले?

उत्तर २ : निवृत्त क्रीडाशिक्षक, रावपुरा

वडोदऱ्यात राहून मालिशीची चर्चा आखाड्याला वगळून व्हावी, हे मला रुचत नाही, म्हणून लिहितो. या गावात व्यायामगुरू माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. पुढे लोणावळ्यात योगाचे संशोधन उभे करणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात याच माणिकरावांकडे शिकले. जोर-बैठका आणि लढती झाल्यावर एकमेकांचे अंग चोळून देणे हा आमच्या लहानपणी तालमीच्या शिस्तीचाच भाग होता, आणि ज्याला नीट चोळता येत नसे त्याला वस्ताद बोलत असत.

आपल्या मातोश्रींचे म्हणणे म्हणूनच सरसकट बाजूला सारू नये. २०१८ साली निरनिराळ्या उपायांची तुलना करणारे एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दुखणे आणि थकवा कमी करण्यात मालिश सर्वांत प्रभावी ठरली होती. तेल तिळाचे की मोहरीचे, याने फारसा फरक पडत नाही. हात घसरता राहावा एवढेच त्याचे काम. दाब हलका ठेवून पोटरीपासून मांडीकडे चोळावे. शर्यतीच्या आदल्या रात्री मुलगी विव्हळेल इतके रगडणे हा निव्वळ अडाणीपणा आहे आणि तो मी अनेक हौशी मालिशवाल्यांकडून पाहिला आहे. सूज असेल, एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा पाय मुरगळला असेल, तर तेथे पहिले काही दिवस हातही लावू नये आणि शेकूही नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. फिजिओ महोदयांच्या प्रश्नांची उत्तरे लिहिताना मला जरा संकोच वाटतो आहे. आठवड्यातून चार दिवस तिची शिकवणी रात्री साडेनऊला सुटते. जेवण आणि गृहपाठ होऊन ती सव्वाअकराला झोपते आणि पावणेपाचला उठते. स्पर्धेच्या दिवशी पहिल्या शर्यतीनंतर धास्तीने तिने दुपारपर्यंत काहीच घेतले नाही. मग मैदानाजवळच राहणाऱ्या नातेवाइकांनी आग्रह केला म्हणून दोन वाजता पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड असे जेवण झाले. चार वाजता ८०० मीटरची शर्यत होती. तिचे वजन ४८ किलो आहे.

उत्तर ३ : आहारतज्ज्ञ आणि हौशी धावपटू, मांजलपूर

श्रीखंड-पुरी खाऊन दोन तासांत ८०० मीटर पूर्ण करणाऱ्या मुलीचे मला कौतुकच वाटते. तळलेले आणि स्निग्ध अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो. म्हणजे शर्यतीच्या वेळी जेवण पोटात होते, पण स्नायूंच्या उपयोगी पडत नव्हते.

दोन स्पर्धांमध्ये आठ तासांहून कमी अंतर असल्यास पहिल्या चार तासांत दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा सर्वमान्य सल्ला आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत हे तासाला सुमारे ५० ग्रॅम होतात, म्हणजे साधारण दोन मध्यम केळी. तथापि ही मात्रा मुख्यतः लांब पल्ल्यासाठी आहे. १५०० मीटरने शरीराचा साठा रिकामा होत नाही, त्यामुळे याच्या निम्मेही पुरेल. शर्यत संपताच साखर-मिठाचे लिंबूपाणी आणि केळे, अकराच्या सुमारास दहीभात किंवा साधे पोहे पोटभर, आणि नंतर दीड-दोनच्या सुमारास पुन्हा एखादे केळे, एवढेच ठेवावे. शर्यतीआधी आणि नंतर वजन करून पाहिल्यास घामाचा अंदाज येतो. प्रत्येक किलो घटीमागे १.२५ ते १.५ लिटर द्रव हळूहळू द्यावा. घडाघडा साधे पाणी पाजू नये. दिवसाच्या शेवटी, शर्यती आटोपल्यावर, एक पेला दूध आणि मूठभर भाजलेले चणे घेतल्यास तिच्या वजनाला एका वेळी पुरेशी प्रथिने मिळतात. महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही.

आणखी दोन सूचना देतो. शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नये. उन्हात आणि पाणी कमी पडलेल्या अवस्थेत ती मूत्रपिंडाला आणि जठराला त्रासदायक ठरते. मुलीची पाळी अनियमित झाली, धाप लवकर लागू लागली किंवा थकवा आठवड्यांमागून आठवडे रेंगाळला, तर मालिश आणि टब यांचा विचार सोडून डॉक्टरांकडे जावे आणि रक्तातील लोह तपासून घ्यावे. खाणे कमी आणि सराव जास्त असलेल्या मुलींमध्ये हे वारंवार दिसते आणि घरच्यांना बहुधा उशिरा कळते.

उत्तर ४ : क्रीडा फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

साडेपाच तास झोप! या वयाला ८ ते १० तास लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज १० तास अंथरुणात राहण्यास सांगितले होते. त्यांच्या वेगवान धावेची वेळ सरासरी १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकताही सुधारली. तो अभ्यास २०११ सालचा, लहान आणि तुलनेचा दुसरा गट नसलेला आहे, म्हणून त्या आकड्यांवर मी फार भर देणार नाही. पण आपल्या घरी रोज रात्री तीन तास कमी पडत असताना टबाच्या किमतीची चौकशी करणे मला विचित्र वाटते. वेगाच्या फेऱ्यांचे दोन दिवस तरी संध्याकाळी घेता येतील का, हे प्रशिक्षकांना विचारावे.

मूळ प्रश्नकर्ता

प्रशिक्षकांशी बोललो. मंगळवार आणि शुक्रवारचा सराव संध्याकाळी साडेपाचला घेण्यास ते तयार आहेत, उरलेले दिवस पहाटेऐवजी सकाळी साडेसहाला. शिकवणी शनिवार-रविवारवर ढकलण्यासाठी तिच्या आईने शिक्षिकांची मनधरणी केली असून निम्मे यश आले आहे. मालिशीचे काम माझ्या आईकडेच राहील, फक्त रगडायचे नाही या अटीवर. अट तिला मान्य नाही, पण पाळते. शंका एकच उरते: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा साडेपाचची वेळ ठीक आहे का?

उत्तर ५ : क्रीडा फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

एप्रिलपासून साडेपाच नको. दिवसभर तापलेला ट्रॅक तेव्हाही धग सोडत असतो. संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला सुरू करून फेऱ्यांची संख्या पहिले दहा-बारा दिवस कमी ठेवावी, म्हणजे शरीराला उन्हाळ्याची सवय होईल. आणि ज्या पालकांनी टब घेतला आहे त्यांना तो बर्फासह मैदानावर आणून ठेवण्याची विनंती करावी. एखादे मूल उन्हात असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले किंवा कोसळले आणि अंग भाजत असेल, तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी, मात्र ती येईपर्यंत मुलाला मानेपर्यंत त्या गार पाण्यात धरून ठेवावे. डोके कोणीतरी सांभाळावे. आधी शरीर थंड करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम मैदानावरच्या प्रत्येक पालकाला ठाऊक असला पाहिजे.