चहा-बिस्कीट, वडापाव सोडला तर चेहरा खरंच सुधारतो का?

सायली_बोरिवली
वय २७, ऑफिस लोअर परळला. सकाळी लोकल पकडायची म्हणून काही न खाता निघते. ऑफिसात मशीनचा चहा चारदा, सोबत बिस्किटं. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव नाहीतर समोसा. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखरे फोड येतात, मान मागून काळी पडलीये, सारखा थकवा असतो. आई डाळीचं पीठ लावून मान घासते, फरक शून्य. इन्स्टावर कोणी दूध बंद करा म्हणतं, कोणी गहू, कोणी महागडा डिटॉक्स ज्यूस प्या म्हणतं. नक्की कुठून सुरुवात करू?

पाठीवरचं_ओझं
जिमला जात असशील तर व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) घेतेस का बघ. मी घेत होतो तोवर पाठ फोडांनी भरलेली असायची. बंद केलं, उकडलेली अंडी आणि मोड आलेल्या मुगावर आलो. आता पाठ बरीच साफ आहे.

आहारताई_परळ
सायली, आधी मान घासणं थांबव. तो मळ नाही. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा अशी जाड, मखमली, काळपट होते तेव्हा बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन (साखर ताब्यात ठेवणारं संप्रेरक) वाढलेलं असतं. परळच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना घासून सोललेल्या माना घेऊन आलेल्या इतक्या मुली पाहिल्यात की हे वाचून राहवलं नाही.

जबड्यावरचे फोडही त्यातूनच असू शकतात. साखर आणि मैदा रक्तात झटकन उतरतो, तितकंच इन्सुलिन उसळतं, आणि त्याच्या जोरावर त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या मुलांना १२ आठवडे असे पदार्थ कमी करून प्रथिनं वाढवून दिली, तर फोड कमी झाले. २००७ साली हा अभ्यास छापून आला. त्या मुलांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या साखरेला देता येत नाही. पण दिशा तीच.

म्हणून सुरुवात चहापासून. मशीनच्या पावडरीत साखर आधीच असते. कपाला दोन चमचे धरले तरी चार कपांत ३० ग्रॅमच्या वर जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना शक्यतो दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. बिस्किटं वेगळीच. घरून बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये ने, दोनदाच पी.

सकाळी उपाशी निघू नकोस. रात्रीच मूग किंवा मटकी उकडून ठेव, डब्यात कांदा-लिंबू घालून गाडीत बसायला मिळालं तर तिथेच खा, नाहीतर ऑफिसात पोचल्या पोचल्या. संध्याकाळी भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक पेरू. पेरूत संत्र्याच्या तिप्पट-चौपट क जीवनसत्त्व असतं. ज्यूसवाल्यांना कशाला पैसे देतेस? पोळीऐवजी रात्री ज्वारीची भाकरी, ताटात अर्धी भाजी. वडापाव आठवड्यातून एकदा खा, मनापासून खा.

गहू सोडायचं काही कारण दिसत नाही. दुधाचा काहींना त्रास होतो, म्हणून महिनाभर ग्लासभर दूध थांबवून बघ. दही-ताक चालू ठेव. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मान त्याहून हळू उजळते.

वरळीची_पोर
मासे खात असशील तर बांगडा, तारली आण. सुरमई-पापलेटच्या मानाने स्वस्त, आणि ओमेगा-३ भरपूर. रवा लावून तळू नकोस, कोकम घालून तिखलं कर. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते तेव्हा जवसाची चटणी.

सायली_बोरिवली
ताई, मान आजपासून घासणार नाही. पाळीही दोन-दोन महिने येत नाही, याचा संबंध असेल का? मासे आमच्याकडे आवडीने होतात, श्रावण सोडून.

आहारताई_परळ
हो, असू शकतो. मग नुसत्या डब्यावर थांबू नकोस, या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. पीसीओडी (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे का ते बघतील. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड करून घे; थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि बी-१२. पालिकेच्या रुग्णालयात हे कमी खर्चात होतं. आणि केमिस्टकडून गोरं करणारी ट्यूब आणू नकोस, अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं, फोड आणखी चिघळतात. जाताना पाळीच्या मागच्या तारखा लिहून ने, पहिला प्रश्न तोच विचारतात.