जुन्या वस्त्या नुसत्या दिसायला जपून काय उपयोग?

पाऊलवाट:
जुनी वस्ती जपायची म्हटलं की दर्शनी भिंतींना रंग, दगडी रस्ता, एक माहितीफलक, झालं काम. माझं म्हणणं, घर, शेत, पाणी आणि वरचं रान हे एकच प्रकरण आहे. फिलिपिन्समधली इफुगाओ लोकांची डोंगरउतारावरची भातखाचरं बघा. १९९५ ला जागतिक वारसा यादीत आली आणि २००१ ला धोक्यातल्या यादीत, कारण पोरं शहरात गेली, पाट दुरुस्त करायला माणूस नाही, मग पाणी भलतीकडे झिरपतं, बांध फुगतो आणि एक ढासळला की माती खालच्याच्या खाचरात. पाणी येतं ते वरच्या राखलेल्या रानातून, त्याला मुयोंग म्हणतात. हे फलक लावून कसं शिकवणार? कापणीला बायका हुडहुड नावाची पारंपरिक गाणी गातात, शेतच पडीक झालं तर ती गायची कुठे?

उंबरठा:
पोरं गेली, पण का गेली? त्यांचा पारंपरिक भात वर्षातून एकदाच येतो, त्यासाठी कोण चिखलात कंबर मोडून घेईल? लिफ्टच्या बिल्डिंगमधून टाइप करत दुसऱ्याला परंपरा जपायला सांगणं सोपं असतं हो.

गवंडीकाम:
जपानच्या शिराकावा-गो मधलं ओगिमाची बघा की. वारसा दर्जा १९९५ चा, पण गावकऱ्यांनी १९७१ लाच आपणहून ठरवलं, विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. गवती छप्पर तीसेक वर्षांनी नव्याने शाकारायचं, तेव्हा शंभर-दोनशे माणसं एकमेकांच्या मदतीला यायची, त्याला युइ म्हणतात. खालून पेंढ्या देता देता पोरगं शिकतं आणि पुढच्या खेपेला तेच वर बसून दोर आवळतं.

उंबरठा:
आणि आता बरीच छपरं अनुदानावर पगारी कारागीर शाकारतात, हे कोण सांगणार? माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे तो धंदाही गेला, पाहुणे आले. हा धागा काढणाऱ्या पाऊलवाटच्या हिशोबाने गाव नापासच, पण माणसं राहतायत ना तिथे?

पाऊलवाट:
राहतायत, म्हणून तर ते बरं. चीनमधलं लिजियांग १९९७ ला यादीत आलं, मग जुन्या गावातल्या कित्येक नाशी या स्थानिक समाजाच्या कुटुंबांनी घरं दुकानांना भाड्याने दिली आणि स्वतः नव्या भागात गेले. कालवे तेच, लाकडी घरं तीच, फोटो झकास.

उंबरठा:
मग? घर त्यांचं, भाडं त्यांचं. ओगिमाचीचा नियम गावाने केला म्हणून चालला, बाहेरच्याने लादला असता तर तुम्हीच बोंब मारली असतीत.

गवंडीकाम:
दोघंही पैशावर बोलत नाही आहात. बांध आणि पाट दुरुस्त झाले तेव्हा कुठे २०१२ ला इफुगाओ धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. निधी फलकाला नको, बांध घालणाऱ्याच्या मजुरीला द्या, आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरालाही पगार द्या.

उंबरठा:
हे मान्य. पण घराच्या आत टॉयलेट, इंटरनेट काय बसवायचं त्यात समितीने नाक खुपसायचं नाही, आणि पोराला जायचंच असेल तर जाऊ द्यायचं.

पाऊलवाट:
टॉयलेट खुशाल बसवा. गवताच्या जागी पत्रा आला तर मात्र मी भांडणार.