भूमध्य सागराकाठच्या डोंगराळ भागात मोटारविरहित ग्रॅव्हल (खडी-मातीचे) मार्ग : कोणता निवडावा?

प्रश्न : पाताळपाणी_पेडल (इंदूर)

सर्वांना नमस्कार. पुढच्या वर्षी आम्ही उभयता (वय ५६ आणि ५२) दक्षिण युरोपात आठवडाभर सायकल चालवण्याच्या विचारात आहोत. रविवारी पहाटे महू-चोरल बाजूला आमची फेरी असते, मुरमाच्या रस्त्याची सवय आहे आणि दिवसाला ४०-४५ किलोमीटर दमछाक न होता होतात. मात्र आग्रा-मुंबई रस्त्यावरील ट्रकांनी सौ.च्या मनात जी धास्ती बसवली आहे ती अजून गेलेली नाही, त्यामुळे तिची एकच अट आहे : मागून गाडी येता कामा नये. माझी इच्छा अशी की रस्ता डांबरी नसावा, भोवती टेकड्या, ऑलिव्हच्या बागा आणि जुनी गावे असावीत. या दोन्ही गोष्टी एका मार्गावर जमतात का, की कुठे तरी तडजोड करावीच लागते? स्पेन, इटली आणि क्रोएशिया अशी तीन नावे डोक्यात आहेत. मुलाला सुट्टी जूनमध्ये असल्याने जूनचा बेत आखावा काय, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : महूकर_काका

आपल्या दोन्ही अटी जमतात, पण आधी एक निवड करावी लागेल. त्या भागात मोटारींपासून मुक्त असे कच्चे मार्ग मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचा, जेथे रूळ उखडून त्या जागी दाबलेल्या मातीचा किंवा बारीक खडीचा रस्ता केलेला आहे. दुसरा प्रकार शेतांकडे आणि वनांत जाणाऱ्या गाडीवाटांचा. पहिल्यात चढ सौम्य असतो, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर घसरते आणि जुन्या आगगाड्यांना साधारण २-३ टक्क्यांहून अधिक चढ झेपत नसे. आपण पाताळपाणी-कालाकुंड घाटातून मीटरगेजने गेला असाल, तर तेथील १ : ४० हा चढ म्हणजेच अडीच टक्के होतो. गाडीवाटा आखणाऱ्याला मात्र ही अडचण नव्हती, बैल जेथे चढेल तेथे वाट गेली, आणि म्हणून तेथे १२-१५ टक्के सहज भेटतात.

आकड्यांत सांगायचे तर स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरल्यास, १२ टक्के चढावर ताशी ६ किलोमीटर वेगाने जातानाही केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १६५ वॉट खर्च होतात. दोन टक्क्यांवर ताशी १५ ने गेलात तरी तोच खर्च ७० वॉटच्या आत राहतो. डोंगर तोच, पण सायंकाळी गुडघे वेगवेगळे बोलतात.

वहिनींची अट लक्षात घेता मी स्पेनला पहिली पसंती देईन. तेथे १९९३ पासून जुने रेल्वेमार्ग 'व्हिया व्हेर्दे' या नावाने चालण्या-सायकलीसाठी खुले करण्याचा कार्यक्रम चालू आहे आणि अशा मार्गांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरच्या पुढे गेली आहे. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा' त्यांतला देखणा म्हणावा लागेल. गंमत अशी की या मार्गावर आगगाडी कधी धावलीच नाही. १९२० च्या दशकात काम सुरू झाले, ३० बोगदे खोदले, पूल बांधले, स्थानके उभारली आणि मग सारे तसेच सोडून दिले. आता त्या स्थानकांपैकी काहींत मुक्कामाची सोय आहे. वाटेत साफ्रामागोनचा सुळका लागतो आणि त्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे, त्यामुळे दुर्बीण असल्यास अवश्य न्यावी. पुएर्तो सेरानोकडून ओल्वेराकडे एकंदर चढ आहे, तेव्हा जाताना श्रम आणि येताना आराम असा हिशेब ठेवावा. मार्ग वर्तुळाकार नाही. त्याच वाटेने परत यावे लागते किंवा गाडी ठरवावी लागते.

आठवडा भरायचा असेल तर याला 'व्हिया व्हेर्दे देल आसेइते' जोडावा. हाएन ते पुएंते हेनिल अशा या मार्गाची लांबी सुमारे १२८ किलोमीटर आहे. १९८५ साली बंद पडलेल्या या रेल्वेतून मुख्यतः ऑलिव्हचे तेल जात असे, म्हणून मार्गाला तेलाचेच नाव पडले. उंच लोखंडी पुलांवरून सायकल जाते आणि दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत ऑलिव्हच असतात. काही जणांना ही एकसुरी रांग कंटाळवाणी वाटते. मला तसे वाटत नाही, पण हे आधी सांगितलेले बरे.

उत्तर : सयाजीगंज_टू_व्हीलर (बडोदा)

काकांच्या मताचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. प्रश्नकर्त्यांनी टेकड्या आणि जुनी गावे मागितली आहेत, आणि रेल्वेमार्ग बहुधा दरीतून किंवा कुशीतून जातो, गाव मात्र वर शिखरावर असते. बोगद्यात शिरून डोंगर ओलांडला तर डोंगर पाहिला असे कसे म्हणावे? इटलीच्या तोस्काना प्रांतातील सिएना आणि किआंती भागातील पांढरे रस्ते, म्हणजे 'स्त्रादे बिआंके', हे खरे टेकड्यांचे रस्ते होत. गायोले इन किआंती या गावी १९९७ मध्ये 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली, आणि हे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा तिचा एक उद्देश होता. आज तिचा २०९ किलोमीटरचा मार्ग कायमच्या खुणा लावून वर्षभर खुला ठेवलेला आहे. तो आपल्या गतीने पाच-सहा दिवसांत विभागता येतो.

मात्र दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. हे रस्ते मोटारमुक्त नाहीत. द्राक्षमळ्यांचे ट्रॅक्टर, शेतघरांत उतरलेले पाहुणे अशा गाड्या अधूनमधून येतात, आणि खुणांच्या मार्गात डांबरी तुकडेही बरेच आहेत. दुसरे म्हणजे तेथील चुनखडीची धूळ. कोरड्या दिवसांत ती साखळीवरच्या तेलाशी मिळून करडा लेप बनतो आणि सायंकाळपर्यंत गिअर बदलताना करकर ऐकू येऊ लागते. मुक्कामी पोहोचल्यावर जुन्या टूथब्रशने साखळी घासून, कोरडी पुसून, मेण असलेले वंगण अगदी थेंब-थेंब लावले तर दुसरा दिवस सुखाचा जातो. जाडे तेल लावल्यास लेप दुप्पट होतो.

उत्तर : तुकोगंज_ताई (इंदूर)

वाद मिटवण्यासाठी नव्हे, पण तिसरा पर्याय मांडते, कारण प्रश्नात क्रोएशियाचे नाव आहे आणि अजून त्याविषयी कोणी लिहिले नाही. इस्त्रिया द्वीपकल्पात 'पारेंझाना' नावाची नॅरोगेज रेल्वे होती. १९०२ ते १९३५ या काळात ती त्रिएस्तेहून पोरेचपर्यंत १२३ किलोमीटर धावत असे. आज तिच्या बऱ्याचशा मार्गावरून सायकलने जाता येते, आणि इटली, स्लोव्हेनिया व क्रोएशिया हे तीन देश एका वाटेत येतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आल्यामुळे आता आपल्याला एकाच व्हिसावर हे सारे जमते. अर्ज मात्र ज्या देशात अधिक रात्री राहणार त्या देशाकडे करावा.

बडोद्याच्या दादांची तक्रार येथे बरीचशी दूर होते. रेल्वे नॅरोगेज असल्याने ती डोंगर फोडून सरळ गेली नाही, वळणे घेत घेत ग्रोझ्नानसारख्या टेकडीवरच्या गावाला तिने गाठले आणि पुन्हा मिर्ना नदीच्या खोऱ्यात उतरली. मोतोवुन गावाच्या पायथ्याशी आपण पोहोचता, तटबंदीतल्या गावात जाण्यासाठी मात्र वेगळा आणि कडक चढ आहे. सायकल खाली लावून पायी जावे, कमीपणा नाही.

खडीविषयी सावध करते. स्लोव्हेनियाकडील भाग बहुतांशी डांबरी आहे. क्रोएशियात काही ठिकाणी लिंबाएवढे सुटे दगड आहेत आणि त्यावर ३२ मिलिमीटरचे टायर वळतात. ४० च्या खाली जाऊ नये, ४५ असल्यास उत्तम. ट्यूबलेस असेल तर हवा थोडी कमी ठेवता येते आणि मनगटे वाचतात. बोगद्यांसाठी पुढचा दिवा हवाच. गॉगल लावून भर उन्हातून अंधारात शिरल्यास काही क्षण काहीच दिसत नाही, तेव्हा तोंडाशीच थांबून तो काढावा.

पाताळपाणी_पेडल (इंदूर)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सौ.ने सारे वाचून 'ट्रॅक्टर चालेल, ट्रक नको' असा निकाल दिला आहे, तरीही तोस्काना तूर्त मागे ठेवतो. जूनचे काय ते राहिले. चाळीस अंश आम्हा माळव्यातल्या लोकांना नवे नाहीत, सकाळी लवकर निघून अकराला मुक्काम गाठू असे वाटते. शिवाय सायकली येथून न्याव्यात की तेथे भाड्याने घ्याव्यात?

उत्तर : महूकर_काका

जूनमध्ये आंदालुसिया नको. ऊन सोसणे हा प्रश्न नाही, घड्याळाचा आहे. स्पेन मध्य युरोपची वेळ पाळतो आणि उन्हाळ्यात ती आणखी एक तास पुढे असते, त्यामुळे हाएनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास, आणि ऊन सर्वाधिक तापते ते पाच-सहा वाजता. इंदुरात पहाटे साडेपाचला उजाडते म्हणून आपली सकाळ लांब असते. तेथे जूनमध्येही सूर्य सातच्या सुमारास उगवतो. अकरापर्यंत आटोपायचे म्हटले तर हाती चारच तास राहतात. रेल्वेमार्गावर बोगदे सोडले तर सावली फार थोडी. दुपारी गावातली दुकाने बंद असतात, तेव्हा पाण्याची तजवीज सकाळीच करावी लागते. मुलाची सुट्टी अटळ असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ताईंचा पारेंझाना धरावा, अन्यथा एप्रिलअखेर ते मेचा मध्य किंवा ऑक्टोबर या काळात स्पेन. फ्रान्सच्या प्रोव्हान्समधील वनवाटांचा मोह उन्हाळ्यात टाळावा. वणव्याच्या भीतीने तेथील डोंगर अनेकदा त्या-त्या दिवशी बंद केले जातात आणि बेत कोलमडतो.

सायकलींविषयी माझे स्पष्ट मत भाड्याच्या बाजूने आहे. इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे जाताना खोके दोन-तीनदा हातांतून जाते, आणि माझ्या ओळखीतल्या एकाच्या सायकलचा गिअर हँगर (मागचे गिअर ज्याला जोडतात तो धातूचा तुकडा) अशाच प्रवासात वाकला होता. खोगीर आणि पेडल तेवढे आपले न्यावे, ते अर्ध्या बॅगेत मावतात. भाड्याची सायकल ठरवताना मॉडेलचे नाव विचारण्याऐवजी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : टायरची रुंदी, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते आणि पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते. मागचे दाते पुढच्याइतके किंवा अधिक असले तर वहिनींना मोतोवुनच्या चढावरही उतरावे लागणार नाही. मार्ग तपासताना ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावर 'ट्रॅकटाइप', म्हणजे वाट किती घट्ट आहे याची १ ते ५ श्रेणी, पाहावा. श्रेणी १ व २ आपल्या मुरमासारखी घट्ट असते, ३ ला वेग कमी होतो, आणि ४-५ असेल तर पाऊस पडून गेल्यावर तो तुकडा वगळावा.

उत्तर : तुकोगंज_ताई (इंदूर)

काकांच्या यादीत एक भर. पोरेचकडून निघावे की त्रिएस्तेकडून, हे सायकल कोठे परत करायची यावर ठरवा. वेगळ्या गावी सायकल सोडण्याचे शुल्क काही ठिकाणी एका दिवसाच्या भाड्याहून अधिक असते, त्यामुळे पोरेच किंवा स्लोव्हेनियातील पोर्तोरोझ येथे सायकल घेऊन, ग्रोझ्नान-मोतोवुन हा क्रोएशियातला भाग करून, त्याच जागी परतणे स्वस्त पडते. तीन दिवसांत तो निवांत होतो, उरलेल्या दिवसांत समुद्राकाठी राहावे.